पावसाळा आणि घरांतील धान्य

वर्षाचें धान्य मृगापूर्वीं उन्हांत वाळवून डब्यांत भरण्याची चाल आपल्या घरांतून पूर्वापार आहे. गोरेगांवासारख्या उपनगरांत जागा आंखूड झाली, तरी कित्येक कुटुंबें ती अजून पाळतात. तिच्या मुळाशीं असलेलें शास्त्र वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दाणा कितीही कोरडा दिसला तरी त्यांत पाणी असतेंच. गहूं, तांदूळ, ज्वारी यांत तें शेंकडा १२-१३ च्या आंत असल्यास बुरशीस थारा मिळत नाहीं. परंतु आपल्याकडील पावसाळी हवेंत आर्द्रता पुष्कळदां शेंकडा ८० च्या वर असते, आणि उघड्या गोणींतील दाणा ती शोषून घेतो. पुढें कीड व बुरशी यांच्या श्वसनानें ऊब व आणखी पाणी निर्माण होतें. म्हणजे ओलच ओलीस वाढविते.

ॲस्परजिलस फ्लेव्हस नांवाची हिरवट-पिंवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन हें विष निर्माण करते. १९६० सालीं इंग्लंडांत भुईमुगाच्या दूषित पेंडीनें सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हां त्याचा शोध लागला. १९७४ सालीं गुजराथेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा या भागांत पावसांत भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं. तेंच अन्न खाणारीं कुत्रींही मेलीं. मका हेंच तेथील गरिबांचें मुख्य अन्न होतें.

हें विष शिजविल्यानें वा भाजल्यानें पुरतें नष्ट होत नाहीं. म्हणून बुरशी झटकून धान्य दळून आणणें ही काटकसर नव्हे.

परीक्षा सोपी आहे. कोरड्या बाटलींत मूठभर धान्य व चमचाभर सुकें मीठ घालून हलवावें. मीठ कांचेस चिकटलें तर दाणा ओला समजावा. वाळविलेलें धान्य निवल्यावरच डब्यांत भरावें, नाहीं तर झांकणाखालीं वाफ धरते. गोणी भिंतीपासून दूर, फळीवर ठेवावी. पावसाळ्यांत शेंगदाणे थोडथोडेच आणावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. बुरसलेलें धान्य 'वायां कशाला घालवा' म्हणून मोलकरणीच्या पदरांत किंवा गाईच्या पुढ्यांत टाकण्याची रीत कांहीं घरांत आहे. गाईनें खाल्लेल्या या विषाचा अंश तिच्या दुधांत उतरतो, आणि मोलकरणीच्या घरींही आपल्यासारखींच मुलें जेवतात. जें आपल्या पानांत वाढवत नाहीं, तें दान होऊं शकत नाहीं. तें टाकून देणेंच इष्ट.