वादळाची रेघ आणि हस्ताचा पाऊस

26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं. 1 ऑक्टोबरला अरबी समुद्रात ‘शाहीन’ तयार झालं आणि 3 तारखेला ओमानवर आदळलं. पहिलं नाव पाकिस्तानने सुचवलेलं, दुसरं कतारने. दप्तरात ही दोन वादळं आहेत, पण आभाळ एकच होतं. मधले दिवस ते तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असं सरकत गुजरातकडे गेलं आणि तिथून पुन्हा समुद्रात उतरलं. या प्रवासात त्याचं वादळपण संपलं होतं, पाणी मात्र संपलं नव्हतं. 28 सप्टेंबरला मांजरा आणि तेरणा पात्र सोडून वाहिल्या, लातूर-उस्मानाबाद-बीडमध्ये माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली, आणि मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं.

वादळांच्या मार्गांची जी साठवलेली माहिती जगभर वापरली जाते, तिच्यात या दोन वादळांमधली ही जागा फिकट आहे. माझ्या मते मराठवाड्याच्या दृष्टीने त्या सगळ्या संग्रहातली हीच जागा सर्वांत महत्त्वाची.

हा संग्रह असतो कसा? सगळा आकड्यांचा. एका ओळीत तारीख, वेळ, वादळाच्या केंद्राचा अक्षांश-रेखांश, वाऱ्याचा वेग आणि केंद्रातला दाब. वेळा जागतिक घड्याळाच्या 0, 6, 12 आणि 18, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच, सकाळी साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकरा. अक्षांश-रेखांश बहुधा एका दशांशापर्यंतच लिहितात. अंशाचा दहावा भाग म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. त्या हिशेबाने 19.8 उत्तर, 75.9 पूर्व एवढ्या एका नोंदीत कुंडलिकेच्या अलीकडचा जुना जालना, पलीकडचा नवा जालना आणि मधली नदी सगळं मावतं. इथल्या माणसाला जुना आणि नवा हे दोन वेगळे गाव वाटतात. फायलीला ते दिसतही नाहीत.

फायली दोन प्रकारच्या. एकीत मॉडेलांचे अंदाज: कोणत्या मॉडेलने कोणत्या वेळी वादळ पुढच्या 24, 48, 72 तासांत कुठे असेल असं म्हटलं होतं, ते जसंच्या तसं, चुकलेलंही. अमेरिकी नौदलाने 1980 च्या दशकात बसवलेल्या पद्धतीत हे अंदाज ओळीओळीने साठवले जातात. दुसरीत प्रत्यक्ष मार्ग. तो वादळ सरल्यावर, उपग्रहाची चित्रं, जहाजांच्या नोंदी, रडार आणि वेधशाळांचे आकडे पुन्हा तपासून ठरवतात. उत्तर हिंदी महासागरासाठी हे काम दिल्लीचं प्रादेशिक केंद्र करतं. दोन्ही फायली शेजारी ठेवल्या की कोणतं मॉडेल किती किलोमीटरने चुकलं ते कळतं. एक गोम मात्र आहे. आपलं हवामान खातं तीन मिनिटांच्या सरासरीने वारा मोजतं, अमेरिकेचं केंद्र एका मिनिटाच्या. त्यामुळे एकाच वादळाचे दोन ठिकाणी दोन वेग सापडतात आणि नवखा वाचक गोंधळतो.

जुन्या नोंदी जपण्याची कारणं देशोदेशी निराळी. अमेरिकेने अटलांटिकमधल्या वादळांचे मार्ग संगणकावर चढवले ते 1960 च्या दशकात, अपोलो मोहिमांच्या काळात. फ्लोरिडातल्या अवकाशतळाला वादळ गाठण्याची शक्यता काढायची होती. आपल्याकडे निकड जहाजांची आणि बंदरांची. ‘सायक्लोन’ हा शब्द घडवणारे हेन्री पिडिंग्टन कलकत्त्यात बसून जहाजांच्या रोजनिश्या चाळत. 1875 मध्ये हवामान खातं स्थापन झालं, आणि 1877 पासूनच्या वादळांचे व त्याहून सौम्य ‘डिप्रेशन’चे मार्ग खात्याने पुढे नकाशासंग्रहात छापले. 1928 मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुणेकर आजही त्या चौकाला सिमला ऑफिस चौक म्हणतात. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं तरी देशभरच्या हवामान नोंदींचं राष्ट्रीय भांडार पुण्यातच राहिलं. छापील नकाशे चेन्नईच्या कार्यालयाने संगणकावर आणले. त्यात 1891 पासूनचे मार्ग महिन्यावार काढून पाहता येतात.

अशा संग्रहाने खोटं वादळही पकडता येतं. 6 जून 1882 रोजी मुंबईत चक्रीवादळाने लाखभर माणसं मेली, असं विधान अनेक याद्यांमध्ये वर्षानुवर्षं छापून येत होतं. त्या वेळी कुलाब्याची वेधशाळा चालू होती, वर्तमानपत्रं निघत होती. तपासणाऱ्यांना कुठेच त्याचा माग लागला नाही. ते वादळ झालंच नव्हतं.

पण नोंद नाही म्हणजे घटना नाही, हा नियम समुद्राला आणि मुंबईला लावावा; मराठवाड्याला लावला की घोटाळा होतो. मार्गाची रेघ वाऱ्यावर ओढली जाते. वारा ताशी 31 किलोमीटरच्या वर असेल तर ‘डिप्रेशन’, 62 च्या वर गेला तर चक्रीवादळ. 31 च्या खाली उतरला की ते नुसतं कमी दाबाचं क्षेत्र, आणि मार्गाच्या नकाशावरची रेघ तिथे थांबते. बंगालच्या उपसागरात जन्मलेलं वादळ आठ-साडेआठशे किलोमीटर जमिनीवरून चालत जालन्यापर्यंत येतं तेव्हा वारा बहुधा या रेषेखाली गेलेला असतो. आपल्याला पोचतो तो रेघेनंतरचा ओलावा.

त्यात आणखी एक. पश्चिमेकडे जाणाऱ्या अशा प्रणालीत सर्वांत दाट पाऊस केंद्रावर नसतो. तो बहुधा नैर्ऋत्येला, मार्गाच्या डाव्या अंगाला पडतो. म्हणजे नकाशावर केंद्र विदर्भात दिसतं आणि पाणी मांजरेच्या खोऱ्यात कोसळतं. मॉडेलने केंद्र अचूक सांगितलं तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने अंदाज चुकलेलाच. 24 तासांच्या अंदाजातली मार्गाची सरासरी चूक एके काळी शंभर किलोमीटरच्या बरीच वर असे. आता ती शंभराच्या आत आली आहे. किनाऱ्यासाठी ही मोठीच कमाई. पण जालन्याहून छत्रपती संभाजीनगर साठेक किलोमीटरवर आहे. तेवढ्या फरकात इथे एका तालुक्याला झड आणि शेजारच्याला नुसतं ढगाळ.

महिन्यावार नकाशे उघडले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. जुलै-ऑगस्टमधल्या बहुतेक रेघा ओडिशावरून छत्तीसगड, मध्य प्रदेशाकडे वायव्येला जातात. सप्टेंबर सरत आला की त्या खाली, दख्खनकडे सरकू लागतात. शेतकऱ्याच्या पंचांगात हा हस्ताचा काळ. सूर्य सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हस्त नक्षत्रात जातो. ‘हत्तीचा पाऊस’ म्हणून ज्याची बेभरवशाची ख्याती, त्यातला काही तरी भाग बंगालच्या उपसागरातून या खालच्या वाटेने येत असावा. हैदराबादेत मुसी नदीला आलेला महापूर 28 सप्टेंबर 1908 चा. तोही उपसागरातून आलेल्या प्रणालीने झाला. हजारो माणसं गेली. जालना तेव्हा हैदराबादच्याच निजामाच्या राज्यात होतं. त्या पुरानंतर अभियंते विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणं उभी राहिली. 1908 आणि 2021, तारीख तीच. तारखेचा योगायोग सोडून द्यावा, ऋतूचा नाही.

1960 नंतर उपग्रह आले, त्याआधीच्या रेघा जहाजं आणि तारायंत्रांच्या भरवशावर ओढलेल्या आहेत. म्हणून ‘पूर्वी अशी वादळं आत येत नव्हती’ हे विधान मी सहज मान्य करणार नाही. येतही असतील, कुणी मोजलं नसेल.

पावसाची वही मात्र आपल्याकडे आहे, फक्त ती दुसऱ्या खात्यात आहे. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की ती अतिवृष्टी. त्यावर पंचनामे आणि भरपाई अवलंबून. ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळांमध्ये स्वयंचलित केंद्रं बसली आहेत. तलाठी ज्या आकड्याच्या आधारे शेंगांना कोंब फुटलेल्या सोयाबीनचा पंचनामा लिहितो, तो आकडा वादळाच्या फायलीत जात नाही. वादळाची फाईल तहसिलात येत नाही. नुकसानीची गोष्ट अशी दोन ठिकाणी अर्धी-अर्धी पडून आहे.

हे दोन अर्धे जोडायला नवं यंत्र लागत नाही. तारीख, अक्षांश आणि रेखांश दोन्हीकडे आहेत. प्रत्येक मॉडेलने केंद्र कुठे सांगितलं होतं आणि मराठवाड्याच्या कोणत्या मंडळात पाऊस किती पडला, एवढं एका तक्त्यात मांडलं तरी पुढच्या हस्तात कोणत्या मॉडेलचं ऐकायचं याचा काही अंदाज येईल. सुरुवात 27 ते 30 सप्टेंबर 2021 या चार दिवसांपासून करावी; अंदाजांच्या फायली साठवलेल्या आहेत, पावसाचे आकडेही आहेत.