दख्खनच्या दगडाचे धाकटे भावंड

वेरूळची लेणी पाहून झाल्यावर एका शाळेतल्या मुलीने आम्हाला विचारले, "हा सगळा लाव्हारस ज्या भोकातून आला, ते भोक आता कुठे आहे?" प्रश्न नेमका होता. आम्ही चौघे तिथे होतो. दोघे भूशास्त्राचे, एक प्राणिशास्त्राचा आणि एक शाळेतल्या बाई. उत्तर देता देता त्याची सहल कशी झाली, ते येथे सांगायचे आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या आसपास जिकडे पाहावे तिकडे बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. दौलताबादचा कडा त्याचा आणि कैलास लेणेही त्याचेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हारस एका भोकातून नव्हे, तर जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरत गेला. त्याखाली पृथ्वीच्या पोटात एक उष्ण स्थान होते, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. उष्ण स्थान जवळजवळ जागच्या जागी राहिले आणि भारत मात्र त्याच्यावरून उत्तरेकडे सरकत गेला. मेणबत्तीवरून कागद हळूहळू सरकवला तर त्यावर जळक्या डागांची ओळ उमटते. तशी ओळ समुद्रातही उमटली आहे. लक्षद्वीप, मालदीव, चागोस ही बेटे त्या ओळीवर वसली आहेत. तिथले ज्वालामुखी केव्हाच बुडाले, त्यांच्या माथ्यावर वाढलेली प्रवाळे तेवढी वर दिसतात. पुढे हे स्थान आफ्रिकेच्या भूपट्टाखाली आले आणि मॉरिशस घडले. तिथला सर्वांत जुना खडक ८० ते ९० लाख वर्षांचा आहे. आज ते स्थान मॉरिशसपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, रीयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी अजून जागा आहे.

आपले शहर ते रीयुनियन हे अंतर सुमारे ५,००० किलोमीटर भरते. त्याला ६ कोटी ६० लाखांनी भागून पाहा. वर्षाला सरासरी साडेसात सेंटिमीटर येतात. प्रत्यक्षात भारत आधी याहून वेगाने धावला आणि आशियाशी टक्कर झाल्यावर मंदावला. पण आठवीच्या वर्गाला ही सरासरी पुरेशी आहे.

मग जायचे कुठे? जागा ज्वालामुखी पाहायचा तर रीयुनियन. पण आम्हाला समुद्रात उतरून प्रवाळही पाहायचे होते, आणि शार्कच्या हल्ल्यांमुळे रीयुनियनमध्ये २०१३ पासून खाजणाबाहेर पोहण्यावर कडक बंधने आहेत. म्हणून मॉरिशस ठरले. भारतीय पर्यटकाला तिथे आधी व्हिसा काढावा लागत नाही, आणि मुंबईहून विमानाने साधारण सहा तासांत पोचता येते. बेट आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान आहे.

एका एजंटाने आम्हाला 'सात दिवस, चौदा ठिकाणे' असा कागद दिला. तो आम्ही बाजूला ठेवला. निसर्ग पाहण्याचा बेत ठिकाणांच्या यादीपासून सुरू करायचा नसतो. आधी वारा, पाणी आणि प्राण्यांचे ऋतुचक्र पाहावे, तिकीट शेवटी. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, म्हणून ऋतू उलटे. आपल्या उन्हाळी सुट्टीच्या सुरुवातीला, एप्रिलमध्ये, तिथे चक्रीवादळांचा काळ नुकता सरत असतो. जून ते ऑगस्ट आग्नेयेचे वारे जोरात असतात, पाणी गार असते, आणि पूर्वेचा व दक्षिणेचा किनारा खवळलेला असतो. ऑक्टोबरच्या सुमारास वारे मंदावतात, पाणी कोमट होऊ लागते, रानात पक्ष्यांची घरटी असतात, आणि हिवाळ्यात प्रजननासाठी आलेल्या कुबड्या देवमाशांपैकी काही अजून रेंगाळत असतात. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी नेमकी जुळते. शिक्षकांच्या रजेशी निसर्गाचे वेळापत्रक इतके क्वचितच जुळते!

दुसरी अडचण दिवसाच्या आखणीची. पक्षी सकाळी दिसतात, आणि पाणीही सकाळीच शांत व नितळ असते, दुपारी वारा उठतो. दोन्ही एकाच दिवशी होत नाहीत. म्हणून आम्ही तीन सकाळी आग्नेय किनाऱ्यावर माहेबूरजवळ ठेवल्या, तीन पश्चिमेला काळ्या नदीच्या खोऱ्यातील राष्ट्रीय उद्यानाजवळ, आणि एक दिवस मुद्दाम कोरा सोडला.

आता पाण्याबद्दल थोडे. स्नॉर्केल म्हणजे तोंडात धरायची वाकडी नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा. नळी इतकी आखूड का, असे मुले हमखास विचारतात. मीटरभर खोल पाण्यात शरीराच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅम जादा भार पडतो. छातीचा पुढचा भाग ६०० चौरस सेंटिमीटर धरला तर हा भार ६० किलो होतो, म्हणजे छातीवर एक माणूस बसल्यासारखे. फुप्फुसे तो उचलून हवा ओढू शकत नाहीत. शिवाय नळी लांब असेल तर आपणच सोडलेली हवा पुन्हा आत येते. वर्गात उंच बादलीत पाणी घ्या, स्वच्छ नळी आधी १० सेंटिमीटर आणि मग ४० सेंटिमीटर बुडवून बुडबुडे काढायला सांगा. गालांनाच फरक कळेल. फक्त फुंकायचे, ओढायचे नाही. मुखवट्यातून मासा एक तृतीयांशाने मोठा आणि जवळ भासतो, त्यामुळे घरी येऊन सांगितलेल्या माशांची लांबी तेवढी कमी करून घ्यावी!

सराव आधी शहरातल्या तलावात करावा, आणि जमले तर पावसाळा संपल्यावर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. ज्यांना मॉरिशसचा खर्च झेपणार नाही त्यांना मालवणसुद्धा पुष्कळ देते. उन्हासाठी मलमापेक्षा लांब बाह्यांचा सदरा बरा. मलमांतील काही रसायने प्रवाळांना बाधतात. पाय कशावरही टेकवू नयेत. दगडमासा अगदी दगडासारखा दिसतो आणि त्याच्या काट्यांत विष असते.

ब्लू बे हे आमचे पाण्यातले मुख्य ठिकाण. २००८ पासून ते रामसर यादीत आहे. तिथे प्रवाळांच्या जिवंत तपकिरी फांद्या दिसतात आणि शेजारीच पांढरी पडलेली, मग शेवाळाने माखलेली. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त काळ तापले की प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकतात. अन्न पुरवणारे तेच असल्याने पुढे उपासमार होते. हिंद महासागरात १९९८ आणि २०१६ साली हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. या किनाऱ्याला आणखी एक घाव बसला. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे जहाज जवळच प्रवाळांवर चढले, आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून पाण्यावर तरंगते बांध घातले. पाचट तरंगते आणि तेल शोषते. आपल्याकडे ते अजून अनेक शेतांत पेटवून दिले जाते.

किनाऱ्यासमोरच इल-ओ-एग्रेत हे जेमतेम ६५ एकरांचे बेट आहे. ते मात्र ज्वालामुखीचे नाही, प्रवाळाच्या चुनखडीचे आहे. वाटाड्याबरोबरच फिरावे लागते. इथे गुलाबी कबूतर दिसते. १९९० च्या सुमारास रानात ती दहाच्या आसपास उरली होती, आज काही शेकडे आहेत. मूळची महाकाय कासवे नष्ट झाली, म्हणून त्यांचे काम करायला अल्डाब्रा बेटांवरची कासवे आणून सोडली आहेत. ती फळे खातात आणि बिया पसरवतात. काळ्या नदीच्या रानात दुसऱ्या सकाळी मॉरिशसचा केस्ट्रेल, म्हणजे छोटा ससाणा, डोक्यावरून गेला. १९७४ मध्ये असे चारच पक्षी माहीत होते. आम्ही बराच वेळ कोणीच बोललो नाही.

पण बेटावर उतरताच पहिले दर्शन होते ते साळुंकीचे! मग शिपाई बुलबुल, मग आपलाच हिरवा पोपट. ही सगळी माणसाने नेलेली मंडळी. आपला पोपट तिथल्या स्थानिक एको पोपटाच्या ढोल्या बळकावतो. उंदीर मारायला नेलेले मुंगूस पक्ष्यांवर उठले. सतराव्या शतकात डोडो संपला तोही माणूस आणि त्याच्याबरोबर आलेले प्राणी यांच्यामुळेच. डोडोचा आजचा सर्वांत जवळचा नातलग कोण, हे विद्यार्थ्यांना ओळखायला लावा. ते आहे आपल्याकडचे निकोबारी कबूतर.

डॉल्फिनमागे बोटी पळवण्याचा कार्यक्रम आम्ही वगळला. आठ-दहा बोटी एका कळपाला घेरतात, त्यात पाहणे कसले?

कोरा ठेवलेला दिवस वाऱ्याने घेतला. पाण्यात उतरता येईना, म्हणून उसाच्या शेतांतून हिंडलो. शेताशेतांत काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले. लागवडीसाठी जमीन मोकळी करताना गिरमिटिया मजुरांनी कितीतरी दगड हातांनी वेचले. त्यांच्यात कोकणातली मराठी माणसेही होती. आजही तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शाळांत मराठी शिकता येते. चहाच्या दुकानात एक वयस्क गृहस्थ भेटले. पणजोबा रत्नागिरीकडचे, एवढेच त्यांना ठाऊक. आमचे मराठी त्यांना समजत होते, पण उत्तर ते क्रिओलमध्ये देत होते.

त्यांच्यासमोर आमच्या बाईंनी ढिगातला एक दगड हातात घेतला. लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोके त्यात जशीच्या तशी रिकामी होती. आपल्याकडच्या दगडात ती बहुधा पांढऱ्या झिओलाइटने किंवा गारेने भरलेली असतात, कारण कोट्यवधी वर्षे पाणी त्यांतून झिरपत आले आहे. बाईंनी आपल्या वेरूळच्या वाटेवरल्या दगडाचा फोटो त्यांना दाखवला. गृहस्थांनी तो पाहिला, हातातल्या दगडाच्या भोकात बोट घातले आणि विचारले, "आमची भरायला किती वर्षे?"