निर्मळ कोणते?

घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिष्यवृत्तीच्या अर्जावर ऐटीत ‘मु. पो. निर्मळ’ लिहिले आणि पिनकोड कोरा ठेवला. कागदपत्रे मागवणारे पत्र गेले तेलंगणातल्या निर्मलला! इंग्रजीत दोन्ही नावे सारखीच. पत्र माझ्या हाती येईतो मुदत टळली होती.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला तो यासाठीच. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृत कवी. शब्दांच्या माणसाने भरवसा ठेवला तो आकड्यांवर, याची गंमत वाटते. आपल्या ४०१३०४ मधला ४ पत्र महाराष्ट्राच्या विभागात आणतो, शेवटचे तीन आकडे निर्मळच्या पोस्टात. तिकडचा आहे ५०४१०६; पहिल्याच आकड्याला वाटा फुटतात.

ई-मेलचेही असेच. पत्त्यातले ‘ॲट’नंतरचे नाव डीएनएस या नोंदवहीत शोधले जाते; तिथली एमएक्स नोंद टपाल कोणत्या सर्व्हरने घ्यायचे ते सांगते. सर्व्हर बदलला नि नोंद जुनीच राहिली, की मेल भरकटते किंवा परत येते. परतलेल्या मेलमध्ये कारण लिहिलेले असते. आपण ते वाचतच नाही. आधी ते वाचावे, मग स्पेलिंग पाहावे, मग नोंद.

यंदा पुन्हा अर्ज भरला. सहा चौकोन आधी, नाव नंतर.