संकट, धीर आणि शील



पाड्यावर भेटीला गेले की एक प्रश्न हमखास समोर येतो. “ताई, आम्ही प्रभूवर विश्वास ठेवला, तरी पोर का गेले?” फार पूर्वी मी अशा एका आईला म्हणाले होते की, देव तुझे शील घडवतो आहे. ती काही बोलली नाही. चुलीकडे तोंड करून बसली. शास्त्रातली गोष्ट मी चुकीच्या वेळी आणि अर्धीच सांगितली होती.

रोमकरांस पत्राच्या 5 व्या अध्यायात पौल एक साखळी मांडतो: आधी संकट, त्यातून धीर, धीरातून शील आणि शेवटी आशा. ‘शील’ या जागी मूळ ग्रीक शब्द आहे ‘दोकिमे’, म्हणजे पारखून खरे ठरलेले. आपण ‘कसाला उतरला’ म्हणतो, तेच. विस्तवाने सोने तयार होत नाही, त्यातले हीण वेगळे होते. हे लिहिणारा पौल फटके खाल्लेला, तीनदा जहाज फुटून वाचलेला माणूस होता आणि तो स्वतःच्या संकटांविषयी बोलत होता. दुसऱ्याच्या दारात उभे राहून हे वाक्य फेकणे वेगळे.

साखळीतला ‘धीर’ आपण घाईने ओलांडतो. संकट आले म्हणून कोणी आपोआप भला होत नाही. एकाच दुष्काळातून एक जण कडवट होऊन निघतो, दुसऱ्याचे मन मोठे होते. फरक पडतो तो मधल्या दिवसांत. प्रार्थना कोरडी वाटत असतानाही ती सोडायची नाही, खोटे बोलून सुटता येत असताना खरे बोलायचे. हे काम सावकाश होते, वर्षे लागतात.

पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहा. दक्षिणेत दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ 1880 मध्ये वारला, पती बिपिनबिहारी 1882 मध्ये, तेव्हा मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. या माऊलीने ख्रिस्ताचा स्वीकार केला तो 1883 मध्ये, इंग्लंडात. त्यानंतरही वाट सोपी झाली नाही. पुण्यातल्या शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. पण 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यांच्यासाठी घर झाले. स्वतः भूक सोसलेल्या या बाईंनी त्या मुलींना ‘ही देवाची परीक्षा आहे’ म्हणून तिथेच सोडले नाही. आधी अन्न दिले.

आपल्या सेवकांनी हे नीट लक्षात ठेवावे. वीटभट्टीवर उचल फिटत नाही, हिशोबात मजुरी कापली जाते, ही माणसाने केलेली लबाडी आहे. तिला देवाची शाळा म्हणू नये. अशा कुटुंबाबरोबर हिशोबाची वही घेऊन बसावे, लागेल तिथे तक्रार करावी. त्या घरातल्या बाईने तरीही मुकादमाविषयी मनात विष साठू दिले नाही, तर ते शील तिचे आहे. ते तिच्याकडून मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.

रमाबाई शेवटची अनेक वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बायांना कळावे म्हणून. 1921 मध्ये मनोरमाही गेली. त्यांनी काम थांबवले नाही. ते पूर्ण झाले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या.