चांगला ऑपरेटर म्हणजे चांगला सुपरवायझर?

छत्रपती संभाजीनगरची वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा. कुठल्याही एमआयडीसीत जा, बढतीचा रस्ता ठरलेला. मशीनवर ज्याचा हात सगळ्यांत चांगला, तो सुपरवायझर. यात कंपनीला दोन्हीकडून फटका बसू शकतो: उत्तम ऑपरेटर हातचा जातो आणि सुपरवायझर मिळतो तो बेताचा. बेन्सन, ली आणि शू या संशोधकांनी अमेरिकी कंपन्यांतल्या विक्रेत्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त होती. पण ते साहेब झाले की हाताखालच्यांची विक्री घटत होती. माणसं सांभाळणं हे वेगळं काम आहे, आणि ते शिकवायला सहसा कोणी बसत नाही.

दुसरा समज जास्त महागात पडतो: साहेबाचा धाक असला की चुका होत नाहीत. होतात हो, फक्त कानावर येत नाहीत! सीएनसीवर टूल झिजलं, बोअर मापाबाहेर जायला लागला. ऑपरेटरने गेज लावल्या लावल्या सांगितलं, तर दोन-चार जॉब वाया जातात. ‘शिव्या कोण खाणार, शिफ्ट तेवढी काढू’ असं त्याने ठरवलं, तर अख्खा क्रेट रिजेक्शनला जातो, आणि कळतं ते पुढच्या शिफ्टला, नाहीतर थेट ग्राहकाच्या तक्रारीतून. संशोधक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात अमेरिकी रुग्णालयांत असंच काही दिसलं. नेतृत्व चांगलं असलेल्या वॉर्डांत औषधांच्या चुकांची नोंद उलट जास्त होती. तिथले कर्मचारी चूक उघडपणे सांगत होते, हा त्यांचा निष्कर्ष. टोयोटात तर अडचण दिसताच इशाऱ्याची दोरी ओढायचा हक्क लाइनवरच्या कामगाराचा. ओढली की टीम लीडर येतो तो मदतीला, जाब विचारायला नव्हे.

‘नेता जन्मावाच लागतो’ हा तिसरा समज निदान या शहरात तरी कोणी बाळगू नये. १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणारा मलिक अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी राहून तो कारभार शिकला. हा चंगीजखानही मूळचा हबशी गुलामच.

आता उलटं टोक: साहेबच नकोत. गूगलने २००२ मध्ये इंजिनिअरांवरचे मॅनेजर काढून पाहिले. काही महिन्यांतच प्रयोग गुंडाळावा लागला. खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळं थेट संस्थापक लॅरी पेज यांच्याकडे यायला लागलं होतं.