रक्तपरीक्षेतील ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाचा अर्थ

रोगजंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे कधी कधी शरीराच्याच पेशींवर उलटतात. ल्युपससारख्या रोगांत पेशीकेंद्रकांविरुद्धची अशी प्रतिपिंडे शोधण्याकरिता जी रक्तपरीक्षा करतात, तिला संक्षेपाने ‘एएनए’ म्हणतात. काचपट्टीवरील मानवी पेशींवर रुग्णाचा विरल केलेला रक्तरस सोडतात. तो धुऊन, प्रतिपिंडांस चिकटणारे दीप्तिमान द्रव्य घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी उजळल्या, की अहवालात ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिले जाते.

रुग्ण त्याचा अर्थ ‘रोग आहे’ असा घेतो. वस्तुतः तो ‘प्रतिपिंडे आढळली’ एवढाच होय. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात निरोगी व्यक्तींपैकी ३१.७ टक्के १:४० या विरलनास, तर ५ टक्के १:१६० या विरलनासही पॉझिटिव्ह ठरल्या. ल्युपसच्या २०१९ मधील युरोपीय-अमेरिकी वर्गीकरण-निकषांत १:८० ही केवळ प्रवेशाची अट आहे. पुढील निर्णय लक्षणे व अन्य तपासण्या यांवर अवलंबून ठेवला आहे.

तात्पर्य, हा शब्द विधेय खरा. पण त्याचा कर्ता प्रतिपिंड आहे, रोगी नव्हे. विरलनाचा अंक व रुग्णाची लक्षणे यांवाचून त्यावरून निदान करणे युक्त नव्हे.