कारापूरच्या घरी दोन पाहुणे

डिचोली तालुक्यातील कारापूर हे आमचे मूळ गाव. वाळवंटी नदीच्या एका तीरावर साखळीची बाजारपेठ, तर दुसऱ्या तीरावर विठ्ठलापूरचे श्रीविठ्ठलमंदिर. आमचे वाडवडील पोटापाण्यासाठी बडोद्यास स्थायिक झाले, तरी चैत्रातील उत्सवास घरातले कोणी ना कोणी गावी जातेच. गावचे घर आमच्या वृद्ध काकू सांभाळतात.

२०१९ साली माझा भाचा कामानिमित्त अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी गेला. बरोबर त्याचा मित्र होता. ‘मित्र’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो. ते दोघे एकमेकांचे जन्माचे सोबती आहेत, हे आम्हां थोड्यांनाच ठाऊक होते. अशा जोडीला परक्या गावी पहिली चिंता पडते ती मुक्कामाची. तेथील हॉटेलातील कारकुनाने, चहात साखर किती असे विचारावे तशा सुरात, “एक पलंग की दोन?” एवढेच विचारले.

ह्यूस्टन हे मोठे बहुरंगी शहर. तेथील मतपत्रिका इंग्रजी, स्पॅनिश, व्हिएतनामी व चिनी अशा चार भाषांत निघते. हिलक्रॉफ्ट रस्त्यावरील भारतीय दुकानांच्या भागाला २०१० साली महात्मा गांधींचे नाव मिळाले. माँट्रोझ वस्तीत समलिंगी स्त्रीपुरुष कित्येक दशके राहत आले आहेत. आपली जीवनसंगिनी स्त्री आहे हे उघडपणे सांगणाऱ्या अनिस पार्कर २०१० ते २०१६ या काळात तेथील महापौर होत्या.

हे मोकळेपण मात्र आयते मिळालेले नाही. १९९८ साली याच परिसरात पोलिसांनी दोन पुरुषांना राहत्या घरातून पकडून नेले होते. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २६ जून २००३ रोजी टेक्सासचा तो कायदाच रद्द झाला. २०१५ साली त्याच तारखेस अशा विवाहांना देशभर मान्यता मिळाली. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरात, भेदभावास मनाई करणारा नगरसभेचा नियम शहरातील मतदारांनी मोडीत काढला. “मामा, तिथेही आम्ही आधी चहूकडे पाहून मगच हात हातात घेत होतो,” असे भाचा म्हणाला.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का सर्वोच्च न्यायालयाने पुसला. विवाहाला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मान्यता दिली नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासून सर्वधर्मीयांना विवाहाची नोंद करावी लागते. त्या नोंदवहीतही या दोघांना जागा नाही.

अमेरिकेहून परतल्यावर भाच्याने विचारले, “चैत्रात आम्ही दोघे कारापूरला येऊ का?” मी म्हणालो, “अवश्य या. पण हा कचेरीतला सहकारी आहे, असे सांग.” फोनवर तो क्षणभर गप्प राहिला. “मग राहू दे, मामा,” एवढेच म्हणाला. परदेशातील परक्या कारकुनाने जे मागितले नव्हते, ते खोटे मी सख्ख्या मामाने मागितले होते. पुढे चार वर्षे तो गावाकडे फिरकला नाही.

२०२४ साली मीच फोन केला. “या, आणि सांगायचे ते सांगा,” म्हणालो. ते आले. काकूंनी विचारले, “हा कोण रे?” भाच्याने सरळ सांगितले, “आजी, आम्ही दोघे एकत्र राहतो. संसारच म्हणा.” काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “उत्सव आटपेपर्यंत घरात मासे नाहीत हो. चालेल ना त्याला?” आणि जावई आले की उघडतात, ती खोली त्यांनी झाडून घेतली.

देवळात शेजारणीने चौकशी केली, तेव्हा काकूंनी “आमचे पाहुणे” असे उत्तर दिले. तो शब्द भाच्याला थोडा लागला, हे मी पाहिले. घरचा म्हणवून घेण्याची त्याची इच्छा अजून पुरी झालेली नाही.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्या घरांतूनही सुटीत मुले गावी येतात. त्यांतले एखादे बरोबर कोणाला आणू का, असे विचारील, तेव्हा माझ्यासारखे उत्तर देऊ नका. माझी त्यात चार वर्षे गेली.